गार्डसाहेबांचं अकरावं प्रकरण

आमचे गार्डसाहेब नसते, तर गोंदिया जिल्हा फक्त सरकारी कागदावरच झाला असता. माणसांच्या मनात तो अजूनही व्हायचाच राहिला असता, असं माझं ठाम मत आहे. नव्व्याण्णव साली भंडाऱ्यातून आमचा जिल्हा वेगळा निघाला तेव्हा नव्या पाट्या रंगवल्या गेल्या, नवी कार्यालयं उघडली, साहेबलोकांसाठी फिरत्या खुर्च्या आल्या. पण अर्जुनी मोरगावच्या माणसाला देवरीचा माणूस आपला वाटावा, असं त्या खुर्च्यांमध्ये काही नव्हतं. ते काम त्याच हिवाळ्यात आमच्या फुटबॉलच्या टीमनं केलं, आणि ती टीम गार्डसाहेबांनी उभी केली होती. भंडाऱ्याला, म्हणजे कालपरवापर्यंतच्या आमच्या थोरल्या घराला, आम्ही एका गोलनं हरवलं. त्या संध्याकाळी लोक पहिल्यांदा 'आमचा जिल्हा' असं म्हणाले. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, कारण मी त्या टीमचा राखीव गोलकीपर होतो, आणि पूर्ण सामनाभर बाकावर बसून ऐकण्याशिवाय मला दुसरं काम नव्हतं.

गार्डसाहेब म्हणजे रेल्वेतले गार्ड. गाडीच्या शेवटच्या डब्यात, हिरवी-लाल झेंडी आणि शिट्टी घेऊन त्यांनी उभी हयात काढली. नोकरीवरची शिट्टी आणि मैदानावरची शिट्टी एकच होती, आणि ती गळ्यातून फक्त आंघोळीच्या वेळी निघायची. तीही काकूंनी लग्नानंतर तिसऱ्या वर्षी हट्ट धरला म्हणून. गोंदियाजवळच्या मुर्रीत माझं घर त्यांच्या घराला लागून, त्यामुळे मला घड्याळाची गरज कधी पडली नाही. एक लांब शिट्टी म्हणजे चहा. दोन आखूड म्हणजे वर्तमानपत्र. तीन आखूड आणि एक लांब म्हणजे चष्मा सापडत नाही. काकू या शिट्ट्यांना भीक घालत नसत. शिट्ट्यांचा फारच अतिरेक झाला की त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन हळदीनं माखलेलं फडकं उंच धरत. हे पिवळं कार्ड. फडकं दिसलं की गार्डसाहेब मुकाट्यानं खुर्चीत बसत. लाल कार्डाची वेळ आजवर आली नाही, पण काकूंच्या घडवंचीवर एक लाल लुगडं कायम वरच ठेवलेलं असे आणि साहेबांची नजर अधूनमधून तिकडे जात असे.

माणूस दिसला की तो मैदानावर कुठे उभा राहील, हे ते आधी ठरवत. नाव-गाव नंतर विचारत. माझ्या मावसबहिणीसाठी स्थळ आलं तेव्हा आम्ही त्यांना मुलगा पाहायला सोबत नेलं. बाकीची मंडळी शेती किती, नोकरी कुठे असं विचारत होती. गार्डसाहेबांनी पाच मिनिटं मुलाकडे टक लावून पाहिलं, त्याला उगाचच पाणी आणायला पाठवलं, तो कसा चालतो ते बघितलं आणि भर बैठकीत म्हणाले, "पोरगा लेफ्ट बॅक आहे. घर सोडून पुढे पळणार नाही. देऊन टाका पोरगी." त्या बिचाऱ्यानं जन्मात फुटबॉलला पाय लावला नव्हता. लग्न झालं, संसार सुखाचा चालला आहे, आणि हा माणूस घरातून हलतच नाही अशी बहिणीची तक्रार आहे. मी एकदा लाडात येऊन विचारलं, "साहेब, मी कोण?" ते म्हणाले, "तुम्ही मास्तर, पोस्ट आहा." मी म्हटलं, "म्हणजे गोलकीपरच ना?" "नाई नाई. पोस्ट. लाकडाचा. नुसते उभे राह्यता." मी शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे उभं राहणं हे माझं कामच आहे, मी ते फारसं मनाला लावून घेतलं नाही.

टीम त्यांनी जमवली तीही गाडी चालू ठेवून. हेमराज त्यांना अर्जुनीच्या स्टेशनावर सापडला. पॅसेंजर तिथे दोन मिनिटं थांबायची. फलाटाच्या पलीकडे, कापणी झालेल्या धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, चार-पाच जण फुटबॉल खेळत होते. गार्डसाहेबांनी आपल्या डब्यातून त्यातल्या उंच पोराला हाक मारली, डब्यात कायम ठेवलेला फुटबॉल त्याच्याकडे भिरकावला आणि ओरडले, "डब्यात टाक!" त्यानं छातीवर घेतलेला चेंडू खाली पडू न देता असा मारला की तो दारातून आत गेला आणि साहेबांचा जेवणाचा डबा सांडला. भाजी वाया गेली, पण सेंटर फॉरवर्ड मिळाला. त्या दिवशी पॅसेंजर अर्जुनीहून दीड मिनिट उशिरा सुटली. नोंदवहीत उशिराचं कारण काय लिहिलं, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

देवरीला रेल्वे नाही, म्हणून मिलिंद सापडायला बसचं टायर फुटावं लागलं. साहेब नात्यातल्या लग्नाला चालले होते. हायवेवर बस बसली, ड्रायव्हरनं स्टेपनी पंक्चरवाल्याकडे पाठवली, आणि थोड्या वेळानं एक पोरगा ते एवढं थोरलं टायर नुसत्या पायानं वळवत, दोन्ही बाजूंनी धावणाऱ्या ट्रकांच्या मधून, हात खिशात घालून आणताना दिसला. साहेब लग्नाला गेलेच नाहीत. त्याच्या दुकानात टायरांच्या ढिगाऱ्यावर बसून राहिले आणि संध्याकाळच्या बसनं त्याला घेऊनच परतले. मिलिंद आजही सांगतो, "मले वाटलं हे साहेब टायर चोरायले बसून राह्यले."

या दोघांना आणि बाकीच्यांना त्यांनी तयार केलं धानाच्या धुऱ्यावर. दोन बांध्यांमधला हा धुरा, हातभर रुंद. त्यावरून चेंडू पायानं नेत पळायचं. चेंडू डावीकडे गेला तरी चिखलात, उजवीकडे गेला तरी चिखलात, आणि रोवणीच्या दिवसांत तिथे बायका वाकलेल्या असत. त्यांच्या रोवलेल्या परह्यांवर, म्हणजे धानाच्या कोवळ्या रोपांवर, चेंडू पडला की त्या ज्या शिव्या देत, त्या कुठल्याच रेफरीच्या तोंडी शोभल्या नसत्या. आठवडाभरात पोरं सरळ धावायला शिकली. मैदानभर साहेबांचं एकच वाक्य घुमत असे, "बॉलवरची नजर काढाची नाही बे! जग बुडालं तरी नजर बॉलवर!"

आणि मग तो सामना. सगळा जिल्हा नाही म्हटलं तरी निम्मा आला होता. मैदान कोरडं ठणठणीत, कुठे चार पाय एकत्र आले की धुरळ्याचा लोट उठायचा. शेवटची पाच मिनिटं उरली होती आणि कोणाचाच गोल झाला नव्हता. गार्डसाहेब नेहमीप्रमाणे बाक सोडून भंडाऱ्याच्या गोलच्या मागे, जाळीपासून दोन हातांवर जाऊन उभे राहिले. आम्हाला कॉर्नर मिळाला. चेंडू आला, दहा-बारा जण त्यावर तुटून पडले, धुरळा उठला, आणि त्या धुरळ्यात कुणाला काही दिसायच्या आत चेंडू जाळीत होता. भंडाऱ्याचा गोलकीपर डोळे चोळत जमिनीवर पडला होता. रेफरी लांब होता. त्याला चेंडू आत गेलेला दिसला, मारणारा पाय दिसला नाही. कागदावर त्यानं नुसतं 'गोंदिया एक' असं लिहिलं.

हेमराजचं म्हणणं, गोल त्याच्या टाचेनं गेला. मिलिंदचं म्हणणं, त्याच्या कपाळानं. दोघंही खोटं बोलणारे नव्हेत. दोघांनाही चेंडू लागला होता हे नक्की. शेवटी कोणाला लागला, एवढाच प्रश्न होता. सामन्याआधी हे दोघं एका ताटात जेवत. सामन्यानंतर महिनाभर हसत-हसत वाद घालत राहिले, मग हसणं गेलं आणि वाद उरला, मग वादही गेला आणि बोलणंच बंद झालं. हेमराजच्या लग्नात मिलिंद आला नाही. मिलिंदच्या नव्या दुकानाच्या उद्घाटनाला हेमराज आला नाही. आणि सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं की खरं काय ते एकाच माणसाला माहीत आहे. जाळीपासून दोन हातांवर उभा असलेला माणूस. त्याला विचारलं की तो नुसता हसायचा. लोक म्हणत, "गार्डसाहेबाले सगळं माहीत आहे. पर आदमी पक्का आहे, सांगत नाही."

असं अकरा वर्षं चाललं. मग गार्डसाहेब रिटायर झाले आणि निरोपाच्या समारंभात, हार गळ्यात असतानाच, त्यांनी जाहीर केलं की आपण आत्मचरित्र लिहिणार आहोत. नाव ठरलेलं होतं: 'शिट्टी माझी, धाव पोरांची'. प्रकरणं अकरा. अकरावं प्रकरण त्या सामन्याचं.

त्या दिवसापासून आमच्या जिल्ह्यात जे सुरू झालं, त्याला वाट पाहणं म्हणणं म्हणजे फारच सौम्य बोलणं होईल. स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर हेमराजवाले उजव्या बाकावर बसू लागले आणि मिलिंदवाले डाव्या. माझा न्हावी गालाला साबण लावून, वस्तरा गळ्याशी आणून विचारायचा, "मास्तरजी, टाच या माथा?" मी म्हणायचो, "अजून लिहून झालं नाही." तो उसासा टाकून वस्तरा चालवायचा. शाळेत हेडमास्तरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावून दार लावलं. मला वाटलं बदली आली. त्यांनाही तेच विचारायचं होतं. कारण सगळ्यांना कळलं होतं की साहेब सांगणार आणि मी लिहिणार. माझं अक्षर बरं आहे. संपूर्ण फुटबॉलच्या कारकिर्दीत त्यांनी माझ्या याच एका गुणाची दखल घेतली होती.

लिहिण्याचेही नियम होते. रोज दुपारी पंचेचाळीस-पंचेचाळीस मिनिटांचे दोन हाफ, मध्ये इंटरव्हल, इंटरव्हलला संत्र्याच्या फोडी. साहेब अंगणात येरझाऱ्या घालत सांगायचे, मी ओट्यावर बसून लिहायचो. मी एखादं सुंदर विशेषण घातलं की शिट्टी वाजायची, "ऑफसाइड! मागं या." एका पानावर तीनच शब्द बदलता येत, चौथा बदलायचा तर पान पुन्हा लिहायचं, कारण टीमला तीनच बदल मिळतात. एका पानावर मी चुकून झोपलो तर काकूंचं फडकं मागवून मला दाखवण्यात आलं. माझ्याविषयी त्या पुस्तकात एकच वाक्य आहे आणि ते मला माझ्याच अक्षरात लिहावं लागलं: 'राखीव गोलकीपर पाण्याची बादली वेळेवर आणत असे.' मी 'तत्परतेनं' असा शब्द सुचवला. शिट्टी वाजली.

इतवारचं वेळापत्रक तर फारच कडक. एका इतवारी हेमराज पॅसेंजरनं साहेबांकडे यायचा, पिशवीत नव्या चिन्नोर तांदळाची पुरचुंडी घेऊन. दुसऱ्या इतवारी मिलिंद मोटारसायकलवर यायचा, देवरीच्या जंगलातली चारोळी घेऊन. दोघांची गाठ पडू नये म्हणून त्यांनी अकरा वर्षं हे पाळलं होतं. पुस्तकाची बातमी आल्यावर फक्त एक बदल झाला: निघताना दोघंही माझ्या ओट्यापाशी थांबू लागले. हेमराज म्हणायचा, "मास्तर, मले गोल नाई पाह्यजे. मले फक्त लिहून पाह्यजे. माही पोरगी शाळेत सांगते, माह्या बाबानं भंडाऱ्याले गोल मारला. मंग दुसरे पोरं तिले झूठी म्हणते." मिलिंद एवढं लांबण लावायचा नाही. तो गाडीला किक मारून म्हणायचा, "छापा एकदाचं. माझं नाव नसलं तरी छापा. अकरा वर्ष झाले, दोस्त गेला माझा."

दहा प्रकरणं धडाधडा झाली. छापखान्यात जुळूनही झाली. अकरावं मात्र सुरूच होईना. पहिल्या दिवशी साहेबांचा घसा बसला होता. दुसऱ्या दिवशी वारा फार होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्या हाफमध्ये मैदानाची लांबी-रुंदी सांगितली, इंटरव्हलला एकट्यानं दोन संत्री खाल्ली आणि दुसऱ्या हाफमध्ये पुन्हा मैदानाची लांबी-रुंदी सांगितली. असे पंधरा-वीस दिवस गेले. छापखानेवाल्याचे निरोप येत होते, प्रकाशनाचा दिवस ठरला होता, गावोगावचे लोक निघण्याची तयारी करत होते, आणि साहेब अंगणात फेऱ्या मारत 'मैदान कोरडं होतं' या वाक्याच्या पुढे सरकत नव्हते.

शेवटी एका दुपारी काकू स्वयंपाकघरातून आल्या. हातात फडकं नव्हतं. त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "सांगून टाका ना जी आता. किती दिवस जीवाले खाऊन राहाल?"

साहेब थांबले. गळ्यातली शिट्टी त्यांनी काढली, खुर्चीवर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिहा मास्तर. मी पाह्यलाच नाही."

"काय पाहिलं नाही?"

"गोल. डोळे मिटले होते मी."

ते म्हणाले, "त्याच दिवशी नाही. दर वेळेस. आपला बॉल तिकडच्या गोलजवळ गेला का छातीत असं धडधड होते, का मले पाह्यणं होत नाही. म्हणून मी मागं जाऊन उभा राह्यत होतो, बाकावरून कोनाले माझं तोंड दिसू नये म्हणून; पोरायची नजर त बॉलवरच. तीस वर्ष कोच होतो, मास्तर. माझ्या पोरायचा एकही गोल मी पाह्यलेला नाही. समोरच्यायचे सगळे पाह्यले. ते मोजून सांगतो पाह्यजे तर."

जन्मभर दुसऱ्यांना नजर काढू नका म्हणून ओरडणारा हा माणूस! मला हसू आवरेना, आणि मी हसत असताना दिसलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी आहे. मग माझं हसू आपोआप आवरलं.

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी लोकायनं विचारलं, मी हासलो. लोक म्हणाले, याले माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सांगाची लाज वाटली. मंग हे दोघं बोलेनासे झाले, तवा तर हिंमतच गेली. मी खरं सांगतलं असतं त येवढा वाद झालाच नसता. दोघायले वाटून राह्यलं, साहेबाले माहीत आहे न् साहेब माझ्या बाजूनं बोलून नाही राह्यले. माझ्यापायी अकरा वर्ष गाडी उभी आहे, मास्तर. आता हे वाचलं का दोघंही माझ्या घरची पायरी चढणार नाही." ते खुर्चीत बसले. काकूंनी शिट्टी उचलून मांडीवर ठेवली. "तरी लिहा. एकही शब्द बदलू नोका."

मी लिहिलं. त्या पानावर मी एकही विशेषण घातलं नाही. छापखान्यात पानं जुळत होती तेव्हा मी तिथेच स्टूल टाकून बसलो आणि पुस्तक शिवून होईपर्यंत छापखानेवाल्याला चहा प्यायलाही बाहेर जाऊ दिलं नाही. पुढचे दोन दिवस मी दाढी केली नाही. न्हाव्यापुढे मान देऊन खोटं बोलणं मला जमलं नसतं.

प्रकाशन त्याच मैदानावर, दुपारी. अर्जुनीकडून पॅसेंजर भरून आली, देवरीकडून बस आणि मोटारसायकली आल्या. भंडाऱ्याहूनही बरीच मंडळी आली होती; त्यांनाही आपण नेमके कोणाकडून हरलो, हे जाणून घ्यायचा हक्क होताच. हेमराजवाले एका बाजूला, मिलिंदवाले दुसऱ्या बाजूला, मध्ये मोकळी जागा. भाषणं कोणी ऐकली नाहीत. पुस्तकं वाटली गेली आणि शेकडो माणसांनी एकाच वेळी दहा प्रकरणं उलटली. साहेबांची आई, साहेबांचं बालपण, साहेबांची रेल्वेतली पहिली फेरी, सगळं फडफडत मागे गेलं. आणि मग सगळं मैदान वाचू लागलं. मंचावर साहेब मान खाली घालून बसले होते. मी माझ्या सवयीप्रमाणे बाकावर होतो.

प्रकरण दीडच पानाचं आहे. शेवट असा आहे: 'गोल झाला हे मला लोकांच्या आरडाओरड्यावरून कळलं. मी डोळे उघडले. धुरळा बसत होता. हेमराज आणि मिलिंद एकमेकांच्या गळ्यात होते आणि दोघं रडत होते. गोल कोणाचा, असं दोघांपैकी कोणीच विचारत नव्हतं. मी पाहिलं ते एवढंच. तीस वर्षांत यापेक्षा चांगलं काही मी पाहिलेलं नाही.'

मिलिंदचं वाचून आधी झालं. हेमराज बोटानं ओळ धरून सावकाश वाचतो. मिलिंद आपल्या जागी उभा राहून त्याच्याकडे बघत राहिला. हेमराजचं बोट शेवटच्या ओळीवर पोचलं, तिथेच थांबलं, मग त्यानं मान वर केली. मधली मोकळी जागा ओलांडून मिलिंद चालत गेला. अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य मिलिंद बोलला, ते असं:

"काय बे, तू माझ्या गळ्यात पडला होता?"

"मी काऊन पडीन? तू पडला होता!"

"हट्! पहिले तूनं मिठी मारली. मी नुसता उभा होतो."

"झूठ नोको बोलू. तुये हात कोनाच्या गळ्यात होते मंग?"

"माझेच होते. म्हणून तर सांगून राह्यलो, पहिले मी मारली मिठी!"

"पहिले मी!"

आणि पहिली मिठी कोणाची, हे एकदाचं सिद्ध करण्यासाठी दोघांनी तिथल्या तिथे पुन्हा मिठी मारली. हेमराजची पोरगी दोघांच्या पायांत घुसून 'बाबा, बाबा' करत होती. मैदानावर जो गलका उठला, तो मी त्या सामन्याच्या दिवशीही ऐकला नव्हता. उजवे-डावे सगळे एक झाले. भंडाऱ्याची मंडळी टाळ्या वाजवत होती. न्हावी माझ्या पाठीत गुद्दा मारून म्हणाला, "मास्तरजी, आप सब जानते थे!" हेमराज आणि मिलिंदनं मंचावर चढून साहेबांना खांद्यावर घेतलं. साहेब "उतरवा बे, पडीन, पडीन" असं ओरडत होते आणि काकू खाली उभ्या राहून पदरानं डोळे पुसत पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "नीट धरा रे, वजन वाढलं आहे त्यायचं."

लोकांनी त्यांना तेवढ्यावर सोडलं नाही. त्यांना उचलून थेट गोलच्या मागे उभं केलं, चेंडू आणला, आणि हेमराज-मिलिंदला म्हणाले, मारा. सगळं मैदान ओरडू लागलं, "साहेब, डोळे उघडे! डोळे उघडे!" साहेबांनी दोन्ही हातांनी जाळी घट्ट धरली आणि डोळे एवढाले केले. हेमराज धावला, पोट सुटलेलं, चप्पल निसटली, चेंडू पोस्टच्या बाहेर. मिलिंदनं डोकं लावलं, तो चेंडू थेट मिठाईच्या टेबलावर. साहेब म्हणाले, "म्हणूनच पाह्यत नव्हतो मी!" हसून हसून माणसं बसली. कितव्यांदा तरी चेंडू सरकत सरकत, दम लागल्यासारखा, रेषेच्या आत गेला आणि जाळीला टेकून थांबला. गार्डसाहेबांनी तो पूर्ण पाहिला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मग शिट्टी तोंडाला लावली, पण फुंकर काही निघेना. ती काकूंनी वाजवली.

याला आता काही वर्षं झाली. पुस्तकाच्या प्रती घराघरांत आहेत. बहुतेकांची पहिली दहा प्रकरणं कोरी करकरीत आहेत आणि अकराव्यावर हळदीचे, ग्रीसचे, चहाचे डाग आहेत. हेमराज आणि मिलिंद आता सोबत येतात. हेमराज पॅसेंजरनं उतरतो, मिलिंद त्याला स्टेशनावरून मोटारसायकलवर घेतो. दोघांना आपापले व्याप आहेत, म्हणून महिन्यातून एकाच इतवारी जमतं. साहेबांच्या अंगणात बसून ते धानाच्या भावाविषयी, पोरांच्या शाळेविषयी, टायरांच्या कंपन्यांविषयी एकमेकांशी बोलत राहतात. अकरा वर्षांचं तुंबलेलं आहे, ते काही लवकर संपायचं नाही. साहेब मध्ये खुर्चीवर असतात. अधूनमधून दोघंही त्यांच्याकडे बघून हसतात, आणि पुन्हा आपल्या बोलण्यात लागतात. संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली की सोबतच उठतात.

परवा ते गेल्यावर साहेब मला म्हणाले, "मास्तर, पहिले माझे चारही इतवार भरलेले राह्यत होते. दोन याचे, दोन त्याचे. घंटा-घंटा माझ्याशीच बोलत बसत." मी म्हटलं, "मग झालं ते चुकलं का, साहेब?" ते एकदम ताठ बसले. "चुकलं कायले? दोघं बोलून राह्यले ना आपसात? याच्याहून मोठी मॅच मी जितलोच नाही." मग म्हणाले, "पुढच्या इतवारी तुम्ही रिकामे आहा का?"

मला पेपर तपासायचे असतात. ते मी शनिवारीच संपवतो. रिकाम्या तीन इतवारी आम्ही दोघं अंगणात बसतो, काकू चहा आणतात. लिहायचं काही नसतं. रस्त्यानं एखादी मोटारसायकल वळली की साहेब खुर्चीतून अर्धवट उठतात. ती पुढे निघून जाते, आणि ते परत बसतात.